अण्णांचं मिलिट्रीवालं पिस्तूल

आमच्या घरी एका धान्याची भाकर कधी झाली नाही. ज्वारी, बाजरी, गहू, मका, कुठे मूठभर तूर, ज्या दारात जे मिळेल ते अण्णांच्या एकाच झोळीत पडायचं आणि माय ते तसंच दळायला न्यायची. गिरणीवाला डबा उघडून बघायचा आणि वैतागायचा, "वहिनी, हे दळण हाय का खिचडी? जात्याला कळंना झालंय काय दळावं ते." माय म्हणायची, "जात्याला कशाला कळाया पाहिजे? पोटाला कळतंय." त्या पिठाची भाकर थापताना कडेला फाटायची. म्हणून माय आधी पाण्याचं आधण ठेवायची, पीठ त्यात मळायची आणि ओल्या फडक्याखाली झाकून ठेवायची. एखाद्या दिवशी भाकर पिवळी, एखाद्या दिवशी राखेसारखी. चव रोज वेगळी. मला वाटायचं सगळ्यांच्याच घरी असं असतं. शाळेत पहिल्यांदा एका पाटलाच्या पोरानं डबा उघडला आणि त्यात पांढरीशुभ्र, पुनवेच्या चांदासारखी ज्वारीची भाकर दिसली, तेव्हा मला वाटलं त्याच्या घरी काहीतरी सण असणार.

आम्ही बहुरूपी. पिंपळगाव रेणुकाईच्या शिवेला, गायरानाच्या कडेला आमचं घर होतं. तेलाचे डबे ठोकून सपाट केलेले पत्रे आणि वर ताडपत्री, त्याला घर म्हणायचं. पावसाळ्यात लोकांच्याच कणगीत काही नसायचं, मग आम्हाला कोण देणार. त्या दिवसांत माय अंबाडीची भाजी शिजवायची, तिच्यात चिमूटभर कण्या टाकायची आणि आम्ही ते पातळ वाटीनं प्यायचो. पण घरात एक चीज अशी होती की तिच्यापुढे आम्हाला कोणी गरीब म्हणू शकत नव्हतं. ती म्हणजे अण्णांची पत्र्याची पेटी. पेटीत इस्तरीची खाकी, पितळी बिल्ला, शिट्टी, टोपी, दोन नंबर मोठे बूट, आणि डांबरगोळ्यांचा वास. अण्णा ती पेटी उघडायचे तेव्हा अंगणात खेळणारे आम्ही आपोआप गप्प व्हायचो.

अण्णांचं सोंग इन्स्पेक्टरचं. सुगी निघाली की ते गावोगाव फिरायचे. खाड खाड बूट वाजवत एखाद्या वाडीवस्तीवर शिरायचे, शिट्टी फुंकायचे आणि गरजायचे, "घरमालक कोण हाय? वॉरंट आलंय! तुमच्या कोंबड्यानं पहाटे चारला गावाची शांतता भंग केली. तुमच्या म्हशीनं सरकारी तलावातलं पाणी बिगर परवान्यानं पिलं. आन् तुमच्या सुनेची भाकर इतकी गोड झाली, का शेजारच्या तीन नवऱ्यांनी आपल्या बायकांशी भांडण काढलं. चला ठाण्यात!" पहिल्यांदा ऐकणारा क्षणभर दचकायचा. आवंढा गिळेपर्यंत दचकायचा, एवढंच. मग त्याची नजर अण्णांच्या कमरेच्या पिस्तुलावर जायची आणि हसू फुटायचं. कारण ते पिस्तूल बाभळीचं होतं. सुताराकडून घडवून घेतलेलं, दिव्याच्या काजळीत तेल कालवून काळं केलेलं, आणि त्याचा घोडा म्हणजे मायच्या तुटक्या चपलेचा रबरी तुकडा. बाया पदर तोंडाला लावून हसायच्या आणि सूप भरून आणायच्या. अण्णा म्हणायचे, "आधी भ्या, मंग हासू. उलटं झालं तर सोंग न्हाई ते, गुन्हा झाला."

मी तेव्हा जालन्याच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमच्या बहुरूप्यांच्या पालांवर दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. जालन्यात एका मावशींची खानावळ होती. पैसे देणं जमणार नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या होत्या, "धान्य आण. पण तुमच्या झोळीतलं भेसळीचं चालायचं न्हाई बाबा. ज्वारी वेगळी, गहू वेगळा, निवडून-पाखडून." मग काय, माय रात्रंदिवस सूप घेऊन बसायची. सरसर, सरसर, मध्येच बोटाची टिचकी आणि बाजरीचा दाणा बाजूला. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. मोठी गिरणी झाली, पॅकेटातलं पीठ आलं, तरी दुपारी डोळा लागला की मला सूप ऐकू येतं. आम्ही खायचं सात धान्यांचं आणि मावशींकडे जायचं निवडक. त्या सुगीला घरात ठरलं होतं की दोन पोती निवडक धान्य जमलं, तर माझं शेवटचं वर्ष होणार. नाही जमलं, तर पेटीच्या तळाशी दुसरी एक खाकी होती, माझ्या मापाला आतून दुमडून शिवलेली. ती घालून मी अण्णांच्या मागं चालू लागायचं. यावर कोणी भांडलं नाही, कोणी रडलं नाही. माय फक्त पेटी झाडताना ती खाकी उचलायची, झटकायची आणि पुन्हा तळाशीच ठेवायची.

नेमकं त्याच साली सुगीच्या तोंडावर बाभळीचं पिस्तूल मोडलं. बाजारात एका बैलानं त्यावर पाय दिला. खरं तर त्याआधीपासूनच अण्णांचं मन त्यावरून उडालं होतं. गावात टीव्ही आले होते. पोरं चिडवायची, "अण्णा, लाटणं कंबरंला लावून का फिरता? पोळ्या लाटायला निघाले का चोर पकडायला?" अण्णा हसून घ्यायचे, पण घरी आल्यावर पिस्तूल उलटंसुलटं करून बघायचे. कलाकार माणूस. त्याला हसलेलं चालतं, पण कोणत्या गोष्टीला हसायचं ते त्यालाच ठरवायचं असतं. म्हणून पिस्तूल मोडलं तेव्हा ते दुःखी दिसले नाहीत. मला म्हणाले, "भगवाना, उद्या जालन्याला माझ्यासंगट चल. औंदा अस्सल घेऊ."

जालन्याच्या बाजारात खेळण्यांचं एक दुकान होतं. दुकानदाराला सगळे चाचा म्हणायचे. चाचांनी आधी टिकल्यांची पत्र्याची पिस्तुलं मांडली. अण्णांनी त्यांना हातही लावला नाही. मग चाचांनी फळीमागून एक खोका काढला. "ये देखो उस्ताद. एकदम मिल्ट्री का माल. छर्रे का है, स्प्रिंगवाला." खोक्यात काळं, जाड, चौकोनी पिस्तूल होतं. फौजी साहेबांच्या कमरेला असतं तसंच. फक्त नळीचं तोंड तेवढं लालभडक.

त्यानंतर अण्णांनी जे केलं ते मी आयुष्यभर विसरलो नाही. लोक खेळणं घेताना किंमत विचारतात. अण्णा आधी रस्ता ओलांडून पलीकडे गेले आणि तिथून ओरडले, "भगवाना, हातात धर. आता खाली. आता उन्हात." चकाकतंय का ते बघत होते. खरं हत्यार उन्हात चमकत नाही, मळकट दिसतं, असं त्यांचं म्हणणं. परत आले आणि दोन्ही अर्धी जिथं जोडलीत ती शिवण नखानं तपासली. शिवण उठून दिसली की माणूस लांबूनही ओळखतो. मग ते पट्ट्याला अडकवून दुकानासमोर फेऱ्या मारल्या. हलकं असलं की माकडाच्या शेपटीसारखं हलतं, वजनाचं असलं की पट्टा एका बाजूला ओढतो आणि चालण्यात आपोआप रुबाब येतो. मुठीच्या खाली दोरी ओवायला कडी आहे का बघितली. वरचा भाग मागं ओढून कानाजवळ नेला, खट् असा आवाज ऐकला, पुन्हा ओढला, पुन्हा ऐकला. डोळे मिटून ऐकत होते, गवई तंबोरा ऐकतो तसे. चाचा म्हणाले, "उस्ताद, पिस्तौल लेरे की बहू पसंद कररे?" अण्णा म्हणाले, "चाचा, बहू तर घरात बसती. हे गावभर फिरणार हाय." बाजूला उभी असलेली सगळी गिऱ्हाइकं हसली आणि चाचांनी छर्ऱ्यांची पुडी फुकट दिली. अण्णांनी ती परत केली. "गोळी नको. कोणाच्या डोळ्याला लागली तर? आपल्याला निस्ता आवाज पाहिजे."

मागच्या महिन्यात माझी नात सई मोबाईल घेऊन माझ्याजवळ आली. शाळेच्या स्नेहसंमेलनात तिला लष्करी अधिकाऱ्याचं काम आहे. म्हणाली, "आबा, हे पिस्तूल मागवू? बघा, फुल मेटल, ओरिजिनलइतकंच वजन, मॅगझिनपण निघतं." मी चष्मा लावून सगळं वाचलं. वजन, धातू, कडी, आवाज. अण्णांनी त्या दिवशी रस्त्यावर उभं राहून जे जे तपासलं होतं ते सगळं तिथं ओळीनं लिहिलेलं होतं. मी तिला म्हणालो, "बाळ, हे सगळं शेवटी बघायचं. आधी नळीचं तोंड बघ. लाल आहे ना?" ती म्हणाली, "हो, पण ते लाल किती खोटं दिसतं! काळा रंग मारता येईल." मी मोबाईल खाली ठेवला आणि म्हणालो, "बस इथं." तिला जे सांगितलं तेच आता लिहितोय.

घरी आल्यावर अण्णांनी पेटीतून बुटाचं पॉलिश काढलं आणि ते लाल तोंड काळं केलं. बोटानं लावलं, फडक्यानं घासलं, पुन्हा लावलं. मग खाकी चढवून दारात उभे राहिले आणि मायला म्हणाले, "कसं?" माय चुलीपुढं होती. तिनं बघितलं. बराच वेळ बघितलं. म्हणाली, "हे हासत न्हाई."

"काय हासत न्हाई?"

"ते लाकडाचं हासत व्हतं. हे न्हाई."

"तुला काय कळतंय त्यातलं? मिलिट्रीचं हाय हे!"

"मंग मिलिट्रीत जा," माय म्हणाली आणि भाकर उलटली. पण निघायच्या दिवशी तिनं नेहमीचं काम चुकवलं नाही. रेणुकाईच्या देवळातून प्रसादाचे फुटाणे आणायचे आणि सोंगाच्या प्रत्येक वस्तूत चार चार घालायचे, हा तिचा नेम. टोपीत, बुटात, झोळीत आणि आता पिस्तुलासाठी घेतलेल्या चामडी म्यानातही तिनं मूठभर टाकले. अण्णांनी टोपी आणि बूट झटकून फुटाणे खाऊन टाकले. म्यान झटकलं नाही. नवं होतं, ओरखडा पडेल म्हणाले.

पहिल्याच गावात कळलं की माय बरोबर होती. मळ्यातल्या एका घरापुढं अण्णांनी शिट्टी फुंकली, कोंबड्याचं वॉरंट काढलं आणि पिस्तूल म्यानातून अर्धं वर घेतलं. त्यांची रीत अशी की नळी कायम जमिनीकडं, माणसाकडं कधी नाही. पण ओसरीवर बसलेला म्हातारा झटकन उठला. आत गेला आणि अख्खं पायलीचं माप भरून ज्वारी घेऊन आला. हात जोडून म्हणाला, "साहेब, एवढं घ्या. पोरगं येडं हाय माझं, त्यानं काय केलं असंल तर माफ करा." अण्णांचा चेहरा उतरला. त्यांनी टोपी काढली. "बाबा, म्या बहुरूपी हाय. पिंपळगावचा. दर साली येतो न्हाई का?" म्हाताऱ्याला पटेना. तो ज्वारी पुढं पुढं करतच राहिला. अण्णांनी ती घेतली नाही. मी मागं झोळी घेऊन उभा होतो. ज्वारी टपोरी होती, निवडायचीसुद्धा गरज नव्हती, आणि मला दोन पोती दिसत होती. वाटेत मी तसं बोललोही. अण्णा चालता चालता थांबले. "भेल्या हाताचं धान्य शिजत न्हाई भगवाना. आपण मागून खातो. लुटून न्हाई."

पुढच्या गावांत अण्णांनी दारातूनच आधी सांगायला सुरुवात केली, "मी बहुरूपी हाय बरं का," आणि मग सोंग. आधीच सांगितल्यावर कोणी दचकेना, दचकलं नाही तर हसेना, आणि हसलं नाही तर सूप भरून कशाला आणेल? ओंजळभर मिळायचं, तेही चार शब्द ऐकवून. "धट्टाकट्टा माणूस, काम करायचं सोडून काय हे." लाकडाचं दुसरं घडवून घ्यावं तर सुगीत कोणता सुतार मोकळा असतो? आणि खरं सांगायचं तर अण्णांचा जीव त्या काळ्या पिस्तुलात अडकला होता. बदनापूरच्या स्टेशनावर गाडीची वाट बघत बसलो होतो. झोळी मांडीवर होती आणि ती मांडीवर मावत होती, यातच सगळं आलं. अण्णा माझ्याकडं न बघता म्हणाले, "ती दुसरी खाकी तुला खांद्यात आवळ व्हईल का रे?" मी म्हणालो, "व्हईल." ते म्हणाले, "माय उसवून दील." एवढंच बोलणं झालं. समोर कॉलेजची पोरं वह्या छातीशी धरून जालन्याच्या गाडीत चढली. आम्ही परतूरच्या गाडीत चढलो.

परतूरजवळच्या आष्टीचा बाजार भरला होता. मिरच्यांचा ठसका, गुळाच्या ढेपांवर माश्या, भज्यांची कढई, बैलांच्या गळ्यातल्या घंटा. अण्णांनी शेवटचा प्रयत्न म्हणून भर बाजारात जुन्या थाटात सोंग काढलं. आधी काही न सांगता. शिट्टी फुंकली आणि कांदेवाल्याला म्हणाले, "तुझ्या कांद्यानं गावातल्या बाया रडवल्या, चल ठाण्यात!" कांदेवाला दचकला, मागं सरकला, दोन बाया पोरं ओढून बाजूला झाल्या, आणि गर्दीतून एक हवालदार पुढं आला. खरा. नवीन बदलून आलेला असावा, कारण जुने सगळे अण्णांना ओळखायचे, चेष्टेनं सॅल्यूटही ठोकायचे. यानं अण्णांचं मनगट धरलं.

"कोण रे तू? पिस्तूल कुठून आणलं?"

"साहेब, बहुरूपी हाय. खेळण्यातलं हाय ते."

"खेळण्यातलं? मला शिकवून राह्यला का? खेळण्याचं तोंड लाल असतं."

आता लाल तोंडावर पॉलिश होतं आणि ते आम्हीच लावलं होतं. मी पुढं झालो. कॉलेजचं ओळखपत्र काढून दाखवलं. आवाज शक्य तितका स्थिर ठेवला. "साहेब, मी बी.ए.ला आहे. हे माझे वडील. जालन्याच्या बाजारातून मी स्वतः यांच्यासोबत हे घेतलं. तुम्ही तपासा." हवालदारानं ओळखपत्राकडं बघितलं, माझ्या खांद्यावरच्या झोळीकडं बघितलं, आणि दोन्हींचा मेळ त्याला लागेना. "बी.ए.वाला झोळी घेऊन फिरतोय?" कोणीतरी हसलं. मी म्हणालो, "झोळी हाय म्हणून बी.ए. हाय, साहेब." हे मी अभिमानानं बोललो. आजही अभिमानानंच सांगतो.

बाजार गोल जमला होता. अण्णांचा हात हवालदाराच्या हातात होता. हवालदारानं पिस्तूल म्यानातून काढलं, तोललं, तोंड लांब धरलं. "लोकहो, मागं व्हा," म्हणाला. गर्दी मागं सरली. त्यानं अण्णांचं मनगट सोडलं, नळी जमिनीकडं केली, वरचा भाग ओढला, खट् झालं, आणि घोडा दाबला.

फुस्स असा आवाज आला आणि नळीतून एक फुटाणा टुणकन पडला.

तो हवालदाराच्या बुटापाशी जाऊन थांबला. म्यानात तोंड खाली करून राहिलेल्या पिस्तुलात मायचा प्रसाद घट्ट बसला होता. सगळा बाजार त्या फुटाण्याकडं बघत होता. हवालदारानं वाकून तो उचलला, दोन बोटांत धरून फिरवून बघितला. आणि अण्णा, ज्यांचं मनगट नुकतंच सुटलं होतं, ते ताठ उभे राहिले, त्याच हातानं कडक सॅल्यूट ठोकला आणि इन्स्पेक्टरच्या आवाजात गरजले, "हवालदार! मुद्देमाल खाऊ नका! पंचनामा व्हायचाय!"

आधी कांदेवाला हसला. मग भजेवाला. मग बाजार असा हसला की बैल बुजले. हवालदारानं ओठ दाबून धरले होते, पण त्याचं पोट हलत होतं. शेवटी त्यानं फुटाणा तोंडात टाकला, चावला आणि म्हणाला, "खारवलेला हाय. खेळण्यातलंच हाय." मग अण्णांच्या हातात पिस्तूल देत खालच्या आवाजात म्हणाला, "ते तोंड आधी लाल कर, मामा. दुसरा कोणी भेटला असता तर?" अण्णांनी तिथंच भजेवाल्याकडून रॉकेलचा बोळा घेतला आणि पॉलिश घासून काढलं. लाल तोंड पुन्हा उघडं पडलं. त्याच कांदेवाल्यानं पहिली ओंजळ घातली, ज्वारीची.

त्यानंतरचं सोंग मी किती दारांत बघितलं याची मोजदाद नाही. शिट्टी, वॉरंट, दचकणं, मग अण्णा टोपी काढून हातावर उताणी धरायचे, पिस्तुलाचं लाल तोंड टोपीत घालायचे, घोडा दाबायचे आणि टोपीत पडलेला फुटाणा घरमालकाच्या हातावर ठेवायचे. "गुन्हा कबूल असंल तर खा." लोक खायचे, हसायचे आणि सुपं भरून आणायचे. पोरं गावाच्या शिवेपर्यंत मागं यायची. माय घरी सूप घेऊन बसली होती. आम्ही पोती उतरवली तेव्हा तिनं आधी पिस्तूल मागून घेतलं, लाल तोंडावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "आता हासतंय." फुटाण्याची गोष्ट ऐकल्यावर ती देवळाकडं तोंड करून हात जोडायला उठली, पण हसण्यानं तिला उभं राहता येईना.

दोन पोती एसटीच्या टपावरून जालन्याला गेली. मावशींनी मूठभर धान्य हातावर घेऊन फुंकर मारली आणि म्हणाल्या, "तुझ्या मायचे डोळे बरे आहेत." मी शेवटचं वर्ष त्यावर काढलं. निकालाच्या दिवशी घरी आलो तर मायनं निव्वळ ज्वारीची भाकर केली होती, पांढरीशुभ्र. मी दोन खाल्ल्या. चांगली होती, पण मला ती अळणी लागली. हे मी तिला सांगितलं नाही.

पदवीदानाचा फोटो घरी आणला तेव्हा अण्णांनी तो उन्हात धरून बघितला, लांबून बघितला, जवळून बघितला. काळा झगा, हातात भेंडोळी. म्हणाले, "सोंग झकास हाय. झगा भाड्याचा का?"

मी म्हणालो, "झगा भाड्याचा हाय अण्णा. बी.ए. आपली हाय."

त्यांनी फोटो पेटीत ठेवला, सगळ्यात वर. तळाची ती दुसरी खाकी मायनं उसवली आणि तिची धान्याची पिशवी शिवली. मी ती खाकी कधी घातली नाही. आमच्या पालांवरचा मी पहिला पदवीधर झालो.